मराठवाड्यातल्या शेतकरी घराण्याचा माग एकोणिसाव्या शतकापर्यंत कसा काढायचा

घराण्याचा इतिहास काढायला बसलेला मराठवाड्यातला माणूस बहुतेक वेळा पणजोबापाशी अडतो. नाव ठाऊक असतं, गाव ठाऊक असतं, पण पुढची वाट दिसत नाही. मुंबई इलाख्यातल्या पुणे-साताऱ्याकडे हक्कनोंदणी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच चालू झाली. निजामाच्या हैदराबाद संस्थानात हक्कनोंदणीचा कायदा आला तो १३५८ फसलीत (फसली म्हणजे निजामी महसुली सन), म्हणजे १९४८-४९ साली. त्यामुळे आपल्याकडे फेरफारांची सलग साखळी १९५० च्या दशकापासून मागे जात नाही. त्याआधीचे कागद आहेत, पण ते उर्दूत आहेत, काही मोडीत आहेत, आणि तहसील, भूमी अभिलेख, पुराभिलेख, हैदराबाद अशा चार ठिकाणी विखुरलेले आहेत.

घराण्याचा शोध कसा घ्यावा याचं इंटरनेटवरचं बरंचसं मार्गदर्शन अमेरिकी वळणाचं असतं. तिथल्या एकोणिसाव्या शतकातल्या, पश्चिमेकडे सरकत गेलेल्या शेतकऱ्याचा माग नावावरून काढता येतो. १८५० पासूनच्या जनगणनेत घरातल्या प्रत्येक स्वतंत्र व्यक्तीचं नाव आहे. १८६२ च्या होमस्टेड कायद्याखाली १६० एकर घेतलेल्याची स्वतंत्र फाइल आहे. पाच वर्षं राहिला का, घर केवढं बांधलं, किती एकर नांगरलं, दोन साक्षीदार काय म्हणाले, सगळं त्यात सापडतं. हैदराबाद संस्थानाची पहिली जनगणना १८८१ ची. तिचे आकडे मिळतात, माणसांच्या याद्या मिळत नाहीत. शिवाय आपल्याकडे आजोबाचं नाव नातवाला ठेवायची रीत, म्हणून तीच दोन-तीन नावं शंभर वर्षं आळीपाळीने येत राहतात. नावामागे लागलात तर हमखास चुकाल. इथे माग जमिनीचा काढायचा. माणसं गेली, नावं फिरून आली, आडनाव बदललं, तरी शिवारातला तुकडा जागचा हलत नाही.

पिढ्यांचा अंदाज आधी करून ठेवा. एका पिढीला २५ ते २८ वर्षं धरली तर आज चाळिशीत असलेल्याचे आजोबा १९३० च्या आसपास जन्मलेले, पणजोबा १९०४ च्या आणि खापरपणजोबा १८७८ च्या. म्हणजे एकोणिसाव्या शतकात नांगर धरलेला माणूस तुमचा खापरपणजा किंवा त्याचा बाप. गाठायचं आहे ते तिथपर्यंत.

आधी घर आणि भावकी

कचेरीत जाण्याआधी भावकीतल्या सगळ्यात वयस्क चार-पाच माणसांकडे बसा. त्यात सासरी गेलेली एखादी आत्या किंवा चुलत आजी असलीच पाहिजे. बाया नाती चुकवत नाहीत. पहिल्या बैठकीला सातबारा बाहेर काढू नका. जमिनीचा कागद दिसला की 'हा वाटणी मागायला आला' ही शंका मनात शिरते आणि तोंडं मिटतात. कशासाठी विचारतोय ते आधीच सांगा आणि झालेली वंशावळ सगळ्यांना देईन असा शब्द द्या.

विचारायचं काय, तर नावांपेक्षा आधी या गोष्टी:

- कोणाच्या मयतीला दहा दिवसांचं सुतक धरता, कोणाला तीन दिवसांचं, आणि कोण भावकीतलं असून सुतक नाही?
- कुलदैवत कोणतं, देवक कोणतं, देवघरातले टाक कोणाच्या घरी राहिले?
- शेताच्या तुकड्यांची नावं काय? पिंपळाचा तुकडा, बारवेचा मळा, खालचं रान, जे असेल ते जसंच्या तसं लिहा.
- शेतात थडगं, समाधी, दगडाचा देव आहे का, त्याला नैवेद्य कोणकोणत्या घरचा जातो?
- हे गाव मूळचं की कुठून आलो? कोणी घरजावई आला होता का, कोणी दत्तक गेला का?

सुतकाचा प्रश्न सर्वात मोलाचा. दहा दिवसांचं सुतक धरणारी घरं जवळच्या पिढ्यांत एका पुरुषाशी मिळतात. तीन दिवसांवाली शाखा त्याहून वर फुटलेली असते. कागद न बघताच निम्मी वंशावळ अशी उभी राहते. टाकांचंही तसंच आहे. वाटणीत टाक बहुधा थोरल्याकडे जातात, त्यामुळे ते ज्याच्याकडे, ती थोरली पाती, म्हणजे थोरली शाखा, असण्याचा संभव जास्त.

वर्षं कोणी सांगत नाही, प्रसंग सांगतं. तेच लिहून घ्या, सन नंतर लावता येतो. 'मानमोडीत गेला' म्हणजे १९१८ ची साथ. 'रझाकाराच्या वक्ताला' म्हणजे १९४७-४८, 'पोलीस ॲक्शन' म्हणजे सप्टेंबर १९४८. लातूरकडे 'बार्शीची छोटी गाडी आली तेव्हा' म्हणजे १९११. मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणीकडे रूळ पडले ते १९०० च्या सुमारास. मोठे दुष्काळ १८७६-७८ आणि १८९९-१९०० चे. पंचांगाचं संवत्सर कोणाच्या तोंडी राहिलं असेल तर ते सोन्यासारखं जपा. धाता म्हणजे शके १७९८, दुर्मुख १८१८, विकारी १८२१. त्यात ७८ मिळवलेत की इसवी सन हाती येतो. संवत्सर मात्र साठ वर्षांनी फिरून येतं, म्हणून पिढी बघून ठरवा.

माणसाचं हाकेचं नाव आणि कागदावरचं नाव वेगळं असतं. नाना, आबा, बापू, अण्णा अशी नावं लिहून थांबू नका. पाळण्यातलं नाव काय होतं, हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारा.

सातबाऱ्यापासून खासऱ्यापर्यंत

आज वापरात असलेला गट नंबर घ्या आणि मागे चालायला लागा. संगणकीकृत सातबारा पुरत नाही, हस्तलिखित सातबारा हवा. पीकपाण्याची पानं पाच-दहा वर्षांच्या गठ्ठ्यांनी बांधलेली असतात. त्यावर खातेदाराच्या नावाभोवती कंस असेल तर ते नाव कमी झालेलं आहे, आणि शेजारी वर्तुळात जो आकडा आहे तो फेरफाराचा नंबर. तो नंबर घेऊन गाव नमुना ६ ची, म्हणजे फेरफार नोंदवहीची, नक्कल मागा. जुन्या नोंदींच्या स्कॅन प्रती महाभूमीच्या 'आपले अभिलेख' पोर्टलवर काही तालुक्यांच्या मिळतात. तुमचा तालुका त्यात आहे का हे आधी बघा, खेप वाचेल. नसेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात कोर्ट फी स्टँप लावून नकलेचा अर्ज करायचा. अर्जात गाव, तालुका, जुना आणि नवा नंबर, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, हे सगळं घाला. 'जुने सर्व रेकॉर्ड मिळावे' असा अर्ज परत येतो. ते योग्यच आहे, कारण तेवढ्यावर शोधणाऱ्याने कोणता बस्ता सोडायचा?

वारसाचा फेरफार वाचताना तीन ठिकाणी माणूस फसतो. मृत्यूची तारीख आणि नोंदीची तारीख यांत पाच-दहा वर्षांचं अंतर असू शकतं, कारण कर्ज काढायची किंवा जमीन विकायची वेळ आल्याशिवाय वारस लावायला कोणी जात नव्हतं. नोंदीत 'मयत होऊन अंदाजे अमुक वर्षे' असं असेल तर तोच आकडा धरा. दुसरी गोष्ट, नावापुढचं 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता आणि 'ए.कु.क.' म्हणजे एकत्र कुटुंब कर्ता. अ.पा.क.च्या पुढचं नाव बापाचं असेलच असं नाही, आईचं किंवा चुलत्याचंही असतं. ए.कु.क. लिहिलेलं असेल तर त्या एका नावामागे न लिहिलेले भाऊ उभे आहेत असं समजा. आणि तिसरी, जुन्या वारस नोंदींत मुली बऱ्याचदा नाहीत. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर त्या हळूहळू यायला लागल्या, तेही पुष्कळदा हक्कसोड लिहून घ्यायची होती म्हणून. नोंदीत मुलगी नाही म्हणजे मुलगी नव्हती असं लिहू नका.

आता पूल ओलांडायचा आहे. मराठवाड्यातल्या ज्या गावांत जमिनीच्या तुकड्यांचं एकत्रीकरण झालं तिथे जुने सर्व्हे नंबर मोडून गट नंबर पडले. निजामी कागदांत गट नंबर नसतोच. उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्या तालुक्याच्या कार्यालयातून एकत्रीकरण योजनेचा ९(३) आणि ९(४) चा उतारा काढा. कोणत्या सर्व्हे नंबरचा कोणता हिस्सा कोणत्या गटात गेला ते त्यात आहे. हा उतारा न काढता पुढे गेलेले लोक शेजारच्याच घराण्याची वंशावळ स्वतःची म्हणून लिहून बसतात. गट नंबर ४५ आणि सर्व्हे नंबर ४५ यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो.

सर्व्हे नंबर हाती आला की १९५४-५५ चं खासरा पत्रक मागा. मराठवाड्यात हा कागद मैलाच्या दगडासारखा आहे. निजामी राजवट संपून सहा-सात वर्षं झालेली, पण जुने पट्टेदार (सरकारी वहीवर ज्यांच्या नावे जमीन होती ते) किंवा त्यांची मुलं अजून हयात, आणि गावचा प्रत्येक नंबर एका ओळीने मांडलेला. नक्कल फक्त तुमच्या नंबरची काढली तरी वाचताना आख्ख्या गावाचं पत्रक बघायची परवानगी मागा. भावकीतले इतर पट्टेदार कुठे कुठे आहेत ते त्याशिवाय कळत नाही. त्याच काळातली पाहणी पत्रकं, कुळांची नोंदवही आणि १९५१ ची राष्ट्रीय नागरिक नोंदवही काही तालुक्यांत टिकून आहेत. २०२३ पासून कुणबी नोंदी शोधण्यासाठी सरकारी पातळीवर याच कागदांची मोठी तपासणी झाली आणि सापडलेल्या नोंदींच्या याद्या, काही ठिकाणी स्कॅन प्रतींसह, जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आल्या. तुम्हाला दाखला काढायचा नसला तरी या याद्या चाळा. कोणत्या गावाचा कोणता कागद कोणत्या कचेरीत जिवंत आहे, याचा त्याहून चांगला पत्ता नाही. एक विनंती मात्र आहे. जातीच्या रकान्यात जे आहे तेच वंशावळीत उतरवा, सोयीचं नको.

पट्टेदार आणि शिकमीदार

निजामी महसूल पद्धतीत सरकारच्या वहीवर एका जमिनीला एक पट्टेदार. सारा भरायची जबाबदारी त्याची. त्याच जमिनीत हिस्सा असलेले भाऊ, चुलते, भागीदार हे शिकमीदार. जमीन तेही कसत, हक्कही होता, पण पट्टा थोरल्याच्या नावे. म्हणून १८९० च्या कागदात तुमच्या खापरपणजाचं नाव दिसलं नाही तर 'आमची जमीनच नव्हती' या निष्कर्षावर जाऊ नका. पट्टा त्याच्या भावाच्या किंवा चुलत्याच्या नावे असेल.

तपासायचं कसं? समजा, तुमचा पूर्वज राणोजी वल्द सटवाजी. सर्व्हे नंबरच्या जुन्या उताऱ्यात पट्टेदार दिसतो मुंजाजी वल्द सटवाजी. बापाचं नाव एक, नंबर एक, म्हणजे भाऊ असण्याची शक्यता. आता त्या नंबराचे पुढे पडलेले पोटहिस्से बघा. आकारफोड पत्रकात, म्हणजे पोटहिस्स्यांवर सारा वाटून दाखवणाऱ्या कागदात, एका सर्व्हे नंबरचे अ आणि ब असे जवळजवळ सारखे तुकडे पडले, आणि एक मुंजाजीच्या मुलांकडे, दुसरा राणोजीच्या मुलांकडे गेला, तर ती वाटणीच. त्यावर दहा दिवसांचं सुतक दोन्ही घरं एकमेकांचं धरत असतील तर शिक्कामोर्तब झालं. दोनच खुणा जुळल्या तर वंशावळीत ती रेघ तुटक काढा. तिन्ही जुळल्या तरच सलग.

'वल्द' आणि 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा. 'जौजे' म्हणजे अमक्याची बायको, 'बेवा' म्हणजे विधवा. बेवा म्हणून आलेली नोंद दिसली की थांबा. पुरुष गेल्यावर मूल लहान असताना पट्टा तिच्या नावे झालेला असतो, आणि एकोणिसाव्या शतकातल्या बाईचं नाव कागदावर सापडण्याची ही जवळजवळ एकमेव जागा आहे.

भूमी अभिलेखच्या कपाटात

निजामाचे दिवाण सालारजंग यांच्या काळात, १८६५ च्या जिलाबंदीनंतर, संस्थानाचे जिल्हे नीट बसले. पुढे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मराठवाड्यात मोजणी आणि जमाबंदी झाली. शेत मोजून नंबर पडले, एकर-गुंठ्यात क्षेत्र आलं, रुपये-आणे-पैत आकार, म्हणजे सारा, बसला. त्या मोजणीचे कागद उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्याकडे असतात. शेतवार पत्रक, ज्याला तिथे सेतवार म्हणतात, ते पहिलं मागा. त्यात नंबर, क्षेत्र, जमिनीची प्रत, आकार आणि पट्टेदार एका ओळीत सापडतो. त्यानंतर टिपण, क्लासर रजिस्टर, पक्का बुक, वसुली बाकी. टिपणात नाव नसतं, पण बांधांची मापं असतात. शेतातल्या जुन्या विहिरीची किंवा नाल्याची खूण त्यावर जुळली की नंबर बरोबर असल्याची खात्री पटते.

गाव खालसा, म्हणजे थेट सरकारी, होतं की जहागिरीतलं, हे आधी विचारा. जहागीर, पायगा (सरदारांना फौजेसाठी दिलेली) किंवा सर्फेखास (खुद्द निजामाच्या खासगीतली) गावांची दप्तरं वेगळी चालत. जहागिरी १९४९ साली खालसा झाल्या तेव्हा काही दप्तरं सरकारात आली, काही हरवली. अशा गावात सेतवारच मिळाला नाही तर तो तुमचा दोष नाही, वेळ दुसरीकडे लावा. घराण्याकडे पाटीलकी, कुलकर्णीपण, देवस्थान किंवा बलुत्याची इनाम जमीन असेल तर 'मुंतखब' शोधा. इनामाच्या चौकशीनंतर दिलेला हा हुकूम. इनामदार कोण, मूळ इनाम कोणाला, वारस कोण, हे त्यात येतं, आणि अनेक पिढ्या एकाच कागदावर मिळण्याची तीच संधी.

जिल्हा बदललेला असतो, हेही लक्षात ठेवा. जालना जिल्हा १९८१ चा, लातूर १९८२ चा, हिंगोली १९९९ चा. उदगीर, निलंगा, अहमदपूर १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होते आणि किनवट आदिलाबादमध्ये. धाराशिवचा जुना जिल्हा नळदुर्ग या नावाने चाले. दप्तर जुन्या जिल्ह्याच्या नावाने बांधलेलं असतं. तालुक्यात काही नसेल तर छत्रपती संभाजीनगरचं पुराभिलेख कार्यालय, आणि त्यापुढे हैदराबादला तारनाक्याचं राज्य अभिलेखागार. हैदराबादला जाण्याआधी परगणा, गाव, वतनाचा प्रकार आणि अंदाजे फसली सन एवढं हाती असू द्या. नुसत्या आडनावावर तिथे काही सापडत नाही.

उर्दू आणि मोडी वाचून घेताना

वाचक जाणकार हवा, हे खरंच. पण नावं कशी बिघडतात हे तुम्हाला ठाऊक हवं, नाहीतर बरोबर नाव समोर असून हातचं जाईल. उर्दूत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीत नाहीत, म्हणून 'मुंजा' आणि 'मंजा' दिसायला एकच. 'ळ' आणि 'ण' अक्षरं नाहीत, म्हणून काळे झाले काले, राणोजी झाला रानोजी. शिकस्ता वळणाच्या घाईच्या लिखाणात नुक्ते गळतात. मग ब, प, त, ट यांतलं अक्षर कोणतं हे संदर्भावरूनच ठरवावं लागतं. वाचकाकडून आधी जसं दिसतं तसं उतरवून घ्या, मगच तुमच्या मनातलं नाव सांगा. उलट केलंत तर तो भिडेखातर तुमचंच नाव वाचून दाखवेल. आकडे सियाक पद्धतीच्या चिन्हांत असतील तर ते वाचणारा वेगळा माणूस शोधावा लागतो.

मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही आणि शब्द तोडलेले नसतात. 'मौ.' म्हणजे मौजे, 'प॥' म्हणजे परगणे. 'छ' पुढचा आकडा म्हणजे मुसलमानी महिन्याची चंद्रतिथी. मोडी शिकवणारे वर्ग आता बऱ्याच ठिकाणी चालतात. घरात दहा-वीस कागद असतील तर एकाने शिकून घेणं शहाणपणाचं, कारण पुढे प्रत्येक शंकेला पुन्हा तेच पान उघडावं लागतं.

रकमेपुढे 'हाली' की 'कळदार' ते बघा. हाली हा निजामाचा रुपया, कळदार इंग्रजांचा. साधारण सात हाली म्हणजे सहा कळदार. खतात कळदार असेल तर सावकार किंवा बाजार इंग्रजी हद्दीतला असण्याची शक्यता, आणि सीमेवरच्या गावांत सोयरीकही बऱ्याचदा त्याच बाजूला झालेली सापडते.

फसली सनाचा हिशेब

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. निजामी कारभारातलं फसली वर्ष आजर महिन्याच्या १ तारखेला, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होई. महिने क्रमाने आजर, दय, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, अर्दिबेहिश्त, खुर्दाद, तीर, अमरदाद, शहरेवर, मेहेर, आबान. ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडणाऱ्या तारखेला ५९० मिळवा, जानेवारीनंतरच्या तारखेला ५९१. १२ बहमन १३२१ म्हणजे डिसेंबर १९११. १२ तीर १३२१ म्हणजे मे १९१२. फसली सन एकच, इसवी सनं दोन. नुसतंच '१३२१ फसली' असेल तर १९११-१२ असं जोडून लिहा.

जुन्या मराठी दप्तरात हेच फसली वर्ष मृगापासून धरतात. तिथे जून ते डिसेंबर ५९०, जानेवारी ते मे ५९१. शुहूर सन (जुन्या मराठी कागदांतला दुसरा सन) असेल तर ५९९ आणि ६००, वर्ष तेच मृगाचं. इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस असे शब्द दिसले की तो शुहूर सनाचा आकडा अक्षरी लिहिलेला आहे असं समजा. मूळ तारीख आणि रूपांतर दोन्ही लिहून ठेवा. रूपांतर चुकलं तर दुरुस्त करता येतं, मूळ तारीख हरवली तर काही उरत नाही.

उपाध्यायांच्या वह्या

कचेऱ्यांत वर्ष गेल्यावरही जे मिळत नाही ते कधी कधी त्र्यंबकेश्वरला अर्ध्या तासात मिळतं. त्र्यंबक, नाशिक, पंढरपूर, काशी, गया इथल्या तीर्थोपाध्यायांच्या घरी यजमानांच्या नामावळ्या आहेत. कोण आलं, बरोबर कोण होतं, भाऊ, मुलं, बाप, आजा, कोणाच्या अस्थी आणल्या, हे त्यात उतरवलेलं असतं. तुमचा उपाध्याय गावावरून आणि जातीवरून ठरतो. म्हणून तिथे मूळ गाव सांगा, आज राहता ते शहर नको. आडनाव अलीकडचं असू शकतं. गावावरून पडलेलं, हुद्द्यावरून पडलेलं, शाळेत मास्तरांनी लावलेलं. जुन्या वहीत तुमचं घराणं दुसऱ्याच आडनावाने असेल, तर खापरपणजाचं आणि त्याच्या भावांचं नाव सांगून शोधायला लावा.

जाताना तोवर जुळवलेली वंशावळ कागदावर न्या, पण दाखवायच्या आधी वहीतलं वाचून घ्या. नकल उतरवताना पान आणि वहीची ओळख लिहा, फोटो विचारूनच काढा. दक्षिणा मोकळ्या मनाने द्या. त्या वह्या पिढ्यान् पिढ्या त्यांनी घरच्या खर्चाने जपल्यात. तुळजापूरला कुळाचा पुजारी ठरलेला असेल तर त्याच्याकडेही विचारा. गावात भाट येत असतील, कर्नाटकच्या बाजूला हेळवी येत असतील, तांड्यावर ढाडी येत असतील, तर त्यांचं म्हणणं रेकॉर्ड करा. त्यांच्या वंशावळीचा अगदी वरचा भाग राजघराण्यांपर्यंत पोचतो, तो वेगळा ठेवा. खालच्या सहा-सात पिढ्या मात्र पुष्कळदा कागदाशी जुळतात.

जमीन नव्हती त्यांचं काय

सालदार, मजूर, कूळ, बलुतेदार यांचा माग कठीण आहे, पण बंद नाही. कुळांसाठी १९५० च्या हैदराबाद कूळवहिवाट कायद्याखालच्या संरक्षित कुळांच्या याद्या आणि कलम ३८-ई खालची, कूळ मालक झाल्याची प्रमाणपत्रं बघा. महारकी आणि इतर वतनांसाठी इनामाचे कागद. गाव नमुना १४, कोतवालाची जन्म-मृत्यू नोंदवही, सगळ्यांची आहे, फक्त तिथे पूर्ण नाव क्वचित असतं. शाळेचं प्रवेश-निर्गम रजिस्टर बापाचं नाव, जात आणि जन्मगाव देतं. जन्मतारीख मात्र मास्तरांनी अंदाजाने घातलेली असते, सगळी मुलं १ जूनची. दुय्यम निबंधकाकडचे गहाणखत, बटाईपत्र, दत्तकपत्र हेही चाळा. साक्षीदारांच्या सह्या-अंगठ्यांत जमीन नसलेली माणसंही येतात, आणि साक्षीला बहुधा भावकीतला किंवा सोयऱ्यातला माणूसच असतो.

बायांची माहेरं कागदात नाहीत. ती जात्यावरच्या ओव्यांत आहेत, मामाच्या गावाच्या नावात आहेत, चोळी-बांगडी कुठून येत होती या आठवणीत आहेत. आजी गात असेल तर ओव्या शब्दशः उतरवा. भावाचं आणि गावाचं नाव त्यांत पुन्हा पुन्हा येतं.

उतरवायचं आणि जपायचं

वंशावळ एका मोठ्या कागदावर आडवी काढा. प्रत्येक नावाखाली तीन ओळी ठेवा: कागदावरचं नाव, हाकेचं नाव, आणि ही माहिती कुठून आली. 'आत्याने सांगितलं' हाही पुरावाच, फक्त तसं लिहिलेलं हवं. एकाच नावाची दोन माणसं आली तर नावाला पिढीचा आकडा लावा, राणोजी-३, राणोजी-५. शेजारी शिवाराचा साधा नकाशा काढून प्रत्येक नंबरात कोणती पाती आहे ते भरा. बांधाला बांध लागून असलेली घरं बऱ्याचदा एकाच वाटणीतून फुटलेली असतात. नकाशात मधेच परका नंबर दिसला तर तिथे विक्री, गहाण किंवा लेकीला दिलेली जमीन निघते.

घरातल्या जुन्या कागदांना प्लॅस्टिकचं लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका. दोन्हींनी शाई आणि कागद जातो आणि पुन्हा सोडवता येत नाही. घडी उलगडताना कागद कडकड वाजत असेल तर जबरदस्ती नको. खिडकीजवळ उजेडात, फ्लॅश न वापरता, कागदाच्या दोन्ही बाजूंचे फोटो घ्या. पाठीमागे बऱ्याचदा मोडीत एक ओळ असते, कागद कशाचा ते सांगणारी. धुतलेल्या सुती कापडात सैल बांधून, जमिनीपासून वर, ओल नसलेल्या भिंतीच्या कपाटात ठेवा. लोखंडी पेटी पावसाळ्यात आतून घामेजते, त्यात कागद ठेवलाच तर दिवाळीआधी एकदा काढून सावलीत पसरा. फोटोंची एक प्रत भावकीतल्या दुसऱ्या पातीच्या घरी राहू द्या, आणि टाक ज्यांच्याकडे आहेत त्यांच्याकडे वंशावळीची एक हस्तलिखित प्रत.